फिजीपासून पालाऊपर्यंत एका रेषेत : प्रशांत महासागरातील बेटांचा मार्ग आखताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आणि आपल्या पत्नी, दोघांचेही पासपोर्ट भारतीय, ऑक्टोबरच्या मध्यापासून सहा आठवडे हाताशी. मुंबईहून निघून फिजी, टोंगा, सामोआ, तुवालू, किरिबाती, मार्शल बेटे आणि मायक्रोनेशिया करत पालाऊ गाठायचे व तिथून परत यायचे. नकाशावर ही बेटे वायव्येकडे चढत जाणाऱ्या एका रेषेत दिसतात, तेव्हा ती कोणत्या क्रमाने घेतली म्हणजे अंतर कमीत कमी पडेल, मधले काही टप्पे जहाजाने करता येतील का आणि पैसे कोणत्या चलनात न्यावेत, असे आपण विचारले आहे.

फिजीची राजधानी सुवा इथून वेगवेगळ्या बेटांवर कामासाठी जाणाऱ्या अभियंत्यांचे आणि प्रशिक्षकांचे दौरे आखून देणे हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे सतत येतो. माझे पहिले सांगणे नेहमी एकच असते : अंतराचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. या भागात प्रवासाचा क्रम ठरतो तो विमान आठवड्यातून किती वेळा आणि कुठून सुटते यावर. ज्या गावाला दिवसातून एकच मुक्कामाची एसटी जाते, तिथल्या कार्याला जाणारा माणूस आधी त्या एसटीची वेळ पाहतो आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवतो. इथेही तसेच करायचे असते, फक्त एसटी रोज न येता आठवड्यातून एकदा-दोनदा येते, आणि ती रद्द झाली तर मधल्या वेळात दुसरी कुठलीही नसते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. तुवालूची राजधानी फुनाफुती आणि किरिबातीची राजधानी दक्षिण तारावा यांच्यात सरळ रेषेत साधारण १३०० किलोमीटर अंतर आहे. नकाशा पाहणारा माणूस या दोन देशांची जोडी लावून मोकळा होतो. प्रत्यक्षात मात्र फुनाफुतीहून आधी उलट दक्षिणेला सुवाला यावे लागते. सुवाचा विमानतळ नौसोरीला आहे, तर तारावाचे विमान व्हिटी लेवू या फिजीच्या मुख्य बेटाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या नांदीहून सुटते. म्हणजे नौसोरी ते नांदी अर्ध्या तासाचे देशांतर्गत उड्डाण किंवा बसने सुमारे चार तास, आणि त्यानंतर पुन्हा उत्तरेला तीन तासांचे उड्डाण. तेराशे किलोमीटरचे तीन हजारांहून अधिक होतात, आणि दोन्ही विमानांचे वार जुळले नाहीत तर मध्ये तीन-चार दिवस जातात. टोंगा आणि सामोआ यांचेही असेच आहे. टोंगाची राजधानी नुकुअलोफा ते सामोआची राजधानी आपिया हे अंतर नऊशे किलोमीटरच्या आत आहे, तरी भरवशाचा मार्ग नांदी किंवा ऑकलंडवरूनच जातो.

हे असे का, याचे कारण कळले की पुढचा बेत आपोआप सुटसुटीत होतो. इथले हवाई मार्ग शेजाऱ्याशेजाऱ्यांत पडलेले नाहीत. जुन्या प्रशासकीय संबंधांच्या वाटेने ते पडले आहेत. मार्शल बेटे आणि मायक्रोनेशियाची संघराज्ये १९८६ पासून, आणि पालाऊ १९९४ पासून, अमेरिकेशी मुक्त सहयोगाच्या कराराने (देश स्वतंत्र, पण संरक्षण अमेरिकेकडे) बांधलेले आहेत, त्यामुळे त्यांचा मुख्य संपर्क होनोलुलू आणि ग्वाममार्गे चालतो. कुक बेटे १९६५ पासून आणि निउए १९७४ पासून न्यूझीलंडशी तशाच नात्यात आहेत, म्हणून निउएला जायचे तर ऑकलंडलाच जावे लागते, दुसरे दार नाही. वॉलिस आणि फुतुना हा फ्रेंच प्रदेश न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआशी जोडलेला आहे. दक्षिणेकडच्या, पूर्वी ब्रिटिश अमलाखाली किंवा संरक्षणाखाली असलेल्या देशांना, म्हणजे टोंगा, तुवालू, किरिबाती आणि त्यांच्याबरोबर सामोआला, फिजी हे मध्यवर्ती ठाणे म्हणून मिळाले. उत्तरेचे जाळे आणि दक्षिणेचे जाळे अशी ही दोन स्वतंत्र जाळी असून त्यांना जोडणारे धागे फार बारीक आहेत. आपली रेषा नेमकी या दोन जाळ्यांना आडवी छेदून जाते, आणि खरी अडचण तिथे आहे.

त्या बारीक धाग्यांपैकी सर्वांत उपयोगाचा धागा नाउरू एअरलाइन्सचा. तिची ब्रिस्बेन, नाउरू, तारावा, माजुरो आणि मायक्रोनेशियातले पोनपेई अशी थांबत जाणारी सेवा आहे. कागदावर ती आपल्याला नेमकी हवी तशी दिसते, कारण तारावाहून माजुरो, म्हणजे मार्शल बेटांची राजधानी, तिच्यावरून गाठता येते. पण माजुरो किंवा पोनपेईहून पुढे काय, हा प्रश्न उरतोच. त्याच विमानाने मागे फिरून ब्रिस्बेनला उतरायचे, तर भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा किमान ट्रान्झिट व्हिसा लागतो. पुढे पश्चिमेला जायचे, तर युनायटेडचे ते प्रसिद्ध बेटाबेटांवर थांबत जाणारे विमान घ्यावे लागते.

त्या विमानाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण आपण त्याचा उत्साहाने उल्लेख केला आहे आणि तो उत्साह रास्त आहे. होनोलुलूहून सकाळी निघून ते माजुरो, क्वाजालेन, कोसराए, पोनपेई आणि चूक अशी बेटे घेत ग्वामला पोचते. थेट गेले तर आठ तासांच्या आत संपणारा हा प्रवास थांब्यांमुळे चौदा-पंधरा तासांचा होतो. वाटेत कुठेही दुरुस्तीची सोय नसल्यामुळे सुट्या भागांसह एक तंत्रज्ञ विमानातच बसलेला असतो. क्वाजालेन हा अमेरिकी लष्कराचा तळ असल्याने तिथे परवानगीशिवाय उतरता येत नाही, बाकीच्या थांब्यांवर मात्र तिकीट तसे काढले असेल तर उतरून काही दिवस राहून पुढचे विमान पकडता येते. आपल्यासाठी निर्णायक बाब वेगळीच आहे. या मार्गाचे एक टोक होनोलुलू आणि दुसरे ग्वाम आहे, दोन्ही अमेरिकी भूमी आहेत, आणि अमेरिकेत केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. ग्वामसाठी काही देशांच्या नागरिकांना जी वेगळी व्हिसामाफी आहे, त्या यादीत भारत नाही. आपल्या दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. माझ्या उत्तराचा निम्मा भाग त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

व्हिसा नसेल, असे धरून मी माझे मत स्पष्ट सांगतो : या सहा आठवड्यांतून माजुरो, पोनपेई आणि पालाऊ काढून टाकावेत. हे ऐकायला कठोर वाटेल, पण ते तीन देश ठेवण्यासाठी उरलेल्या पाचांचे दिवस विमानतळांवर जातील. पालाऊला तैपेईहून थेट विमान आहे, त्यामुळे भारतातून ग्वामला न शिवता एका वेगळ्या, छोट्या सहलीत ते सहज जमते. पालाऊ फिजीपेक्षा आशियाच्या जास्त जवळ आहे. व्हिसा असेल, तर उत्तरेचा संपूर्ण पट्टा होनोलुलूहून सुरू करून ग्वाम, पालाऊ आणि तैपेई असा पश्चिमेकडे उतरत करावा. तो प्रवास फार देखणा होतो, पण तो दुसरा प्रवास आहे.

आता दक्षिणेकडचा बेत. मुंबईहून नांदीला जाताना ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे तिकीट स्वस्त दिसले तरी दोन्हीकडे ट्रान्झिट व्हिसाचा व्याप मागे लागतो. सिंगापूरहून नांदीला थेट विमान आहे आणि विमानतळाबाहेर न पडता तिथे विमान बदलता येते, म्हणून मी भारतीय पासपोर्टवाल्यांना तोच मार्ग सुचवतो. फिजीत भारतीयांना व्हिसाशिवाय चार महिने राहता येते, आणि फिजीला मध्यवर्ती ठाणे करण्याचे हे एक मोठे कारण आहे : कितीही वेळा बाहेर जाऊन परत आले तरी प्रत्येक वेळी नव्या व्हिसाची कटकट नसते. सामोआत पोचल्यावर अभ्यागत परवाना मिळतो. टोंगाचा व्हिसा मात्र आधी काढावा लागणार असे धरूनच चालावे, आणि पाचही देशांचे ताजे नियम तिकिटे काढण्यापूर्वी त्यांच्या वकिलातींकडून लेखी विचारून घ्यावेत, कारण हे नियम बदलत असतात.

क्रम ठरवताना मी वर सांगितल्याप्रमाणे सर्वांत दुर्मीळ विमानापासून सुरुवात करतो. आपल्या यादीत तो मान तारावाला मिळतो, कारण नांदी ते तारावा विमान आठवड्यातून एक-दोनदाच असते. त्याखालोखाल फुनाफुती, जिथे सुवाहून पंख्यांचे लहान एटीआर विमान आठवड्यातून साधारण तीनदा जाते. टोंगा आणि सामोआची विमाने तुलनेने मुबलक आहेत, ती उरलेल्या जागेत बसतात. मी कागदावर सात रकाने आखतो, त्यांत आठवड्याचे वार लिहितो आणि दुर्मीळ विमानांच्या चौकटी आधी भरतो. मग उरलेल्या चौकटींतच मार्ग आपोआप दिसू लागतो. संकेतस्थळावर दोन ठिकाणांची नावे टाकून शोधण्यापेक्षा ही पद्धत वेळखाऊ आहे खरी, परंतु संकेतस्थळ आपल्याला जुळणी दाखवते, ती जुळणी चुकली तर पुढचे विमान कधी आहे हे दाखवत नाही.

हवामानाचा हिशेब दुसरा. दक्षिण प्रशांतात चक्रीवादळांचा हंगाम १ नोव्हेंबरपासून ३० एप्रिलपर्यंत धरला जातो. आपला प्रवास या सीमारेषेवर येतो, म्हणून टोंगा आणि सामोआ ऑक्टोबरमध्येच उरकावेत आणि नोव्हेंबरमध्ये विषुववृत्ताकडे सरकावे. विषुववृत्ताच्या अगदी जवळ चक्रीवादळे बनत नाहीत, आणि तारावा विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत आहे. टोंगा आधी घेण्यात आणखी एक लाभ आहे. हंपबॅक देवमासे तिथे जुलै ते ऑक्टोबर असतात, त्यामुळे हंगामाचे शेवटचे दिवस आपल्याला मिळू शकतील. मात्र त्याच कारणाने तेव्हा जागा लवकर भरतात, हेही लक्षात असू द्यावे. टोंगात रविवार हा राज्यघटनेनेच पवित्र ठरवलेला दिवस आहे. दुकाने बंद, विमानेही बंद. रविवारी येण्याचा किंवा निघण्याचा विचार तिथे करूच नये.

म्हणून मी आपल्याला असा आराखडा सुचवेन. नांदीला पोचल्यावर दोन दिवस विश्रांती, मग टोंगा साधारण आठवडाभर, परत नांदी, तिथून सामोआ आठवडाभर, त्यात मुलिफानुआहून फेरीबोटीने साव्हाई बेटावर दोन-तीन रात्री. पुन्हा नांदी, तिथून बसने किनाऱ्याकिनाऱ्याने सुवा, आणि नौसोरीहून फुनाफुती. परत सुवा, नांदी आणि तारावा. शेवटचा आठवडा फिजीतच, आणि हा आठवडा उरलेला म्हणून शेवटी टाकलेला नाही. तारावाचे किंवा फुनाफुतीचे विमान चार दिवस लांबले तर तो भरपाईला असावा म्हणून मुद्दाम तिथे ठेवला आहे. तुवालू किंवा किरिबाती हा प्रवासाचा शेवटचा टप्पा ठेवून दुसऱ्याच दिवशी सिंगापूरचे विमान धरण्याचा बेत कधीही करू नये.

या राखीव दिवसांचे माझे गणित सोपे आहे. एखादे विमान रद्द झाले तर त्याच मार्गावरचे पुढचे विमान ज्या दिवशी असेल, तो दिवस आपल्या बेतात मोकळा असला पाहिजे. आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या विमानासाठी तीन दिवस पुरतात. एकदाच जाणाऱ्यासाठी पूर्ण आठवडा लागतो, आणि तो देता येत नसेल तर ते ठिकाण यादीतून वगळणे मी पसंत करतो. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर एक विमान चुकल्यावर पुढच्या विमान कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही, म्हणून जिथे शक्य असेल तिथे निदान नांदीपर्यंतचे आणि नांदीपासूनचे टप्पे एकाच आरक्षणात घ्यावेत. कंपन्यांच्या टिकाऊपणाविषयीही फार गृहीत धरू नये. मे २०२४ मध्ये एअर व्हानुआटू अवसायनात गेली तेव्हा एका रात्रीत त्या देशाचे कित्येक मार्ग थांबले होते.

तिथे पोचल्यावरची एक छोटी गोष्ट जवळून सांगतो, कारण लोक नेमके इथेच अडकतात. नांदीच्या काउंटरवर कर्मचारी आपला पासपोर्ट घेऊन टायमॅटिक नावाच्या प्रणालीत नागरिकत्व आणि गंतव्य भरतो आणि पडद्यावर आलेला मजकूर ओळीने वाचतो. त्यात जवळजवळ नेहमी एक ओळ असते : परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट. आपण म्हणता, नांदीला परत येण्याचे तिकीट फोनमध्ये आहे. तो म्हणतो, दाखवा. तेवढ्यात विमानतळाचे वायफाय गोगलगाय होते आणि मागे रांग वाढत जाते. म्हणून प्रत्येक टप्प्याचे तिकीट, राहण्याचे आरक्षण आणि विम्याचे पान कागदावर छापून, देशवार पिना मारून जवळ ठेवावे. जानेवारी २०२२ मध्ये हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या उद्रेकात समुद्राखालची केबल तुटल्यावर टोंगाचा जगाशी असलेला संपर्क अनेक आठवडे विस्कळीत होता. एवढी टोकाची वेळ येणार नाही, पण कागदाला केबल लागत नाही.

तारखांचा गोंधळ वेगळाच. फिजी आणि टोंगात एका तासाचा फरक आहे, टोंगा व सामोआत तोही नाही, कारण सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस दिनदर्शिकेतून गाळून आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पश्चिमेची बाजू घेतली. आपल्या मूळ बेतात या कारणाने काही अडत नाही. परंतु आपण 'जमल्यास' म्हणून लिहिलेला अमेरिकन सामोआ रेषेच्या दुसऱ्या बाजूला राहिला आहे, त्यामुळे आपियाहून मंगळवारी निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात पागो पागोला सोमवारी उतरतो, आणि हॉटेलचे आरक्षण मंगळवारपासून असते. तिथली प्रवेश-व्यवस्था अमेरिकेच्या मुख्य भूमीपेक्षा स्वतंत्र आहे, तेव्हा परवान्याची चौकशी वेगळी करावी लागते. इतक्या खटाटोपासाठी तो टप्पा मी तरी वगळीन. किरिबातीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी : शोधताना किरितिमाती, म्हणजेच ख्रिसमस आयलंड, समोर येईल. ते किरिबातीचेच असले तरी तारावापासून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्याचे विमान वेगळे आहे आणि घड्याळही दोन तास पुढे आहे. शिवाय हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाचे त्याच नावाचे बेट आहे. किरितिमातीचा विमानतळ संकेत सीएक्सआय आणि ऑस्ट्रेलियाच्या बेटाचा एक्ससीएच असल्यामुळे आरक्षण करताना नाव न पाहता संकेत पाहावा.

जहाजांविषयी आपण आशेने विचारले आहे, पण देशांदेशांत प्रवासी जहाजांची नियमित सेवा इथे जवळपास नाही. सुवा आणि फुनाफुती यांच्यात माल आणि माणसे नेणारी जहाजे जातात, मात्र ती कधी सुटतील हे माल, दुरुस्ती आणि हवामान यांवर ठरते, आणि समुद्रात दोन-तीन दिवस जातात. ज्याच्याकडे परतीची तारीख नाही त्याच्यासाठी तो उत्तम प्रवास आहे. सहा आठवड्यांच्या बेतात मी तो बसवणार नाही. टोकेलाऊ या बेटसमूहाला तर विमानतळच नाही, तिथे आपियाहून जहाजानेच जावे लागते, तेही जागा आणि परवानगी मिळाली तर. सागरप्रवासाची हौस देशांच्या आत भागवावी. सामोआतली फेरीबोट वर आलीच आहे. फिजीत सुवाहून सावूसावू आणि तावेउनीकडे रात्रीच्या बोटी जातात, आणि शेवटच्या राखीव आठवड्यात, तो शाबूत राहिला तर, त्यांतली एक घेता येईल.

तिकिटे काढण्याचा क्रमही प्रवासाच्या क्रमाच्या उलट ठेवावा. आधी टोंगाचा व्हिसा आणि नियमांची लेखी खात्री, मग नांदी-तारावा-नांदी, त्यानंतर सुवा-फुनाफुती-सुवा, मग टोंगा आणि सामोआ, आणि सर्वांत शेवटी मुंबई-सिंगापूर-नांदी. बहुतेक लोक मुंबईचे तिकीट सवलतीत मिळाले म्हणून आधी काढून बसतात आणि मग तारावाचे वार त्यात बसत नाहीत. फुनाफुतीत आणि दक्षिण तारावात राहण्याच्या जागा मोजक्या आहेत व एखादी प्रादेशिक बैठक असली की त्या सगळ्या भरतात, तेव्हा विमानाचे पैसे भरण्यापूर्वी खोलीचे लेखी उत्तर हाती असावे. लहान विमानांत वजनाची मर्यादा काटेकोर असते आणि जास्तीचे सामान कधीकधी पुढच्या फेरीवर ढकलले जाते. औषधे, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत.

राहिला पैशांचा प्रश्न. किरिबाती आणि तुवालूत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो, टोंगा, सामोआ आणि फिजीची आपापली चलने आहेत. तुवालूत एप्रिल २०२५ पर्यंत एटीएमच नव्हते, आणि आता असले तरी केवळ कार्डावर विसंबून जाऊ नये. राहण्याचे, जेवणाचे आणि विमान लांबल्यास आणखी तीन-चार दिवसांचे पैसे ऑस्ट्रेलियन नोटांत, शक्यतो लहान रकमेच्या, सुवातल्या बँकेतूनच घेऊन ठेवावेत, आणि बँक शनिवार-रविवारी बंद असते हे धरून नौसोरीला निघण्याच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी हे काम उरकावे.